ग्रहणाचे डाग

मंगळवार, दिवेलागणीला, गारखेडा

सूनबाई, वही माझी आहे, सांगते तसंच लिही, मधी तुझी अक्कल नको. आज पिंकीच्या डोक्याचा एमआरआय झाला. अंगावर असले चहाच्या रंगाचे डाग असले की डोक्यात गाठ आहे का ते बघतात. निकाल शुक्रवारी. आठ वर्षं मी तुला टोचलं, पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस, म्हणून पोरीला डाग. आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे रक्तातून येतं, घरात आणखी कुणाला आहेत? तू म्हणालीस, नाय, यांच्या पाठीवर लहानपणी चहा सांडला होता, त्याचे डाग आहेत, तेवढंच. ती थाप माझी. चहा सांडलाच नव्हता. माझ्याही पाठीवर तसेच डाग आहेत. हात का थांबला? लिही. पिंकीचं डोकं साफ निघू दे, मग जन्मभर बोल मला.