चपट्या दातांचं खोकं

मांडवी, रत्नागिरी
दि. ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय नेत्रा,

अनेक आशीर्वाद. सूरजला जाऊन आज महिना झाला. सकाळी पाणी भरलं, केर काढला. दुपारी पार्सलवाला सूरजच्या सामानाची खोकी घेऊन गेला, दुसऱ्यांदा. एवढंच झालं आज.

पहिल्यांदा माझी चूक झाली होती, म्हणून ती परत आली. त्याच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे होते, डायनासोरच्याही आधीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या ईशाने ते मागवले, एकेक कूळ वेगळं ठेवा म्हणाली. आपण मासळी निवडतो तसे मी ते तोंडं बघून निवडले. चपट्या दातांचे एका खोक्यात, सुळेवाले दुसऱ्यात.

मग तिचा फोन आला. रागावली नाही. म्हणाली, काकी, चपट्या दातांचे ते दोघे एकमेकांचे कुणी नाहीत. दोघांचंही खाणं कडक कवचाचं, म्हणून दोन्ही कुळांत आपापले तसे दात होत गेले. सूरजचं सगळं काम त्यावरच होतं. मी म्हटलं, मला कधी बोलला नाही. बोलायचा खरं तर. मी हो हो करत भाकऱ्या थापायचे.

मग ती म्हणाली, "तो गमतीने स्वतःचंच उदाहरण द्यायचा. म्हणायचा, मी मावशीच्या पोटचा, पण आईच्या हातचं खाऊन खाऊन तोंड आईसारखं झालंय."



आठ महिन्यांचा असताना तू त्याला माझ्या ओटीत घातलंस. तो अठराचा झाला तेव्हा म्हणालीस, ताई, आता त्याला सांगूया. मी तुला सांगितलं, या घरात पाऊल ठेवू नकोस. तो गेला तेव्हाही सगळं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी तुला पालीला निरोप धाडला. तू रडली असतीस आणि लोकांना कळलं असतं.

त्याला कोणी सांगितलं, माहीत नाही. तू सांगितलं असशील तर बरं केलंस. सगळं ठाऊक असून तो मला आईच म्हणत होता. आणि जे त्याला ठाऊकच होतं ते झाकायला मी तुला त्याचं शेवटचं दर्शन घेऊ दिलं नाही.

ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. आलीस तर त्याच्या खोलीत राहा, हवे तितके दिवस.

कागदावर सही करताना खाली 'सूरजची आई' लिहायची मला सवय. या वेळी तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही. आता दाराला कुलूप लावून पत्र टाकून येते.

तुझी,
ताई