उघडी नळी

३ ऑक्टोबर
हाल्वर्सनला पोचलो. गाव म्हणजे एक रस्ता, दोन चर्च आणि पत्र्याच्या उंच धान्यकोठ्या. मिनियापोलिसहून इथवर गाडी हाकताना मक्याखेरीज काही दिसलं नाही, आणि वाटेत भेटलेली माणसंही मक्याबद्दलच बोलली. तरी मी मजेत आहे. पगार बरा, संगणक सांभाळायचं काम म्हणजे पोरखेळ. शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीच्या मॅनेजर व्हर्ना स्कोगस्टाडबाईंनी स्वागताला खिमा-बटाट्याचं भांडं भरून आणलं, त्यावर डब्यातलं सूप ओतलेलं. इकडे त्याला जेवण म्हणतात. मी दोनदा घेतलं, कारण बाई समोरून हलेचनात.

५ ऑक्टोबर
कोठ्यांचे पंखे, दरवाजे, आतले कॅमेरे आणि तळाशी धान्य बाहेर ओढणारी लोखंडी मळसूत्रं ऑफिसातल्या संगणकावरून चालतात. मधला निरोप्या म्हणजे एक जुनाट प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की तो इकडचं तिकडे पोचवतो. नळीला नळी जोडावी तसा. त्याला म्हणे भोकं आहेत. पलीकडे कोण बोलतंय हे तो विचारत नाही, आणि त्याचं कुलूप ज्या भल्यामोठ्या मूळ संख्येवर उभं आहे, ती मूळ संख्याच नाही. असली भोकं शोधत बसणाऱ्यांशी घरी कोणी बोलत नसावं.

नवी आवृत्ती घालायची तर ऐन हंगामात सगळं बंद ठेवावं लागेल. त्यापेक्षा मी नळीचं एक तोंड इंटरनेटवर उघडलं. आता गावातल्या कॅफेवरच्या माझ्या खोलीतून पाय पसरून काम होतं. व्हर्नाबाईंनी विचारलं, त्या तोंडातून दुसरंच कोणी आत शिरलं तर? मी म्हणालो, या गावात यायला पोस्टमनसुद्धा कंटाळतो.

९ ऑक्टोबर
ऑर्लिन हाउगेन हे कोठ्यांवर राबणारं जुनं खोड. वय सत्तरीचं, टोपी त्याहून जुनी. सकाळी येऊन सांगू लागला की चौथ्या कोठीचा पंखा आपोआप सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. म्हणाला, ‘पोरा, कोणीतरी चाचपून बघितल्यासारखं वाटतंय.’ मी विचारलं, काल बिअर किती झाली होती.

याचं एक खूळ आहे. कोठीत उतरायच्या आधी हा आवाराच्या टोकाच्या खोपटात जातो, त्या कोठीचा मुख्य खटका खाली ओढतो आणि त्यावर स्वतःचं कुलूप घालतो. मग पंखा, मळसूत्र, सगळंच मरतं. मी त्याला समजावलं की पडद्यावर ‘बंद’ केलं की झालं. तर म्हणे, ‘पडद्याला पाय नसतात रे. मला दोन आहेत, आणि दोन्ही परत न्यायचेत.’ गावठी सुभाषितं.

१२ ऑक्टोबर
सगळे चर्चच्या तळघरात जेवायला गेले असताना चौथ्या कोठीचा दरवाजा उघडला. शेजारच्या रेल्वेरुळांवर मक्याचा डोंगर. संगणकावरची नोंद म्हणते, हुकूम माझ्या नावानं सुटला. त्या वेळी मी सर्वांदेखत पम्पकिन पाय खात होतो. म्हणजे हा ऑर्लिनचा खोडसाळपणा, आणि तसं मी चारचौघांत म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, ‘मला फोनवर नातीचा फोटो उघडता येत नाही, आणि मी तुझ्या नावानं कोठी उघडली? फारच मोठेपणा देतोस, शहाण्या.’ लोक हसले. माझ्याकडे बघून हसले. व्हर्नाबाई म्हणाल्या, ती नळी आजच्या आज बंद करा. बघतो म्हणालो. बंद करायची म्हणजे त्या टोपीपुढे मान खाली घालायची.

१४ ऑक्टोबर
काळ्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. मी हात लावला नव्हता. पंखा चालू. बंद. चालू. हुकूम माझ्याच नावानं.

मी नळी बंद केली. ती पुन्हा उघडली. पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्ड पलीकडच्यानं मलाच लिहून दाखवला. त्याखाली एक ओळ : ‘म्हाताऱ्यापेक्षा तू बरा. तो कुलूप लावतो.’

असेल कोणी रिकामटेकडा, आईबापांच्या तळघरात चिप्स खात बसलेला. असल्याला मी भ्यायचं? संगणकाची तार उपटली तर सोसायटीचं काम थांबेल आणि व्हर्नाबाई कारण विचारतील. रविवारी सगळं पुसून नवं घालीन. कोणाला सांगितलेलं नाही.

१६ ऑक्टोबर
चौथ्या कोठीत मक्यावर पापडी धरली आहे. आत उतरून फोडावी लागणार, रेल्वेचे डबे उद्या येतील. ऑर्लिन म्हणाला, खटक्याला माझं कुलूप घातल्याशिवाय मी उतरणार नाही, तूही उतरू नकोस. ट्रकवाल्यांसमोर मी त्याला सांगितलं की कोंबड्या याहून धीट असतात. त्यानं आपलं कुलूप खिशात घातलं आणि घरी गेला.

व्हर्नाबाई फार्गोला गेल्या आहेत. मीच उतरतो. एकदा दाखवूनच देतो यांना. मळसूत्र पडद्यावर ‘बंद’ आहे, दोनदा बघितलं. पंखा तेवढा राहू दे, आत उकडतं.

नंतर —
आत आहे. फोनवरच लिहितोय, रेंज नाही. चहूकडे पत्रा.

पापडी फुटली आणि खालून घरघर — गुडघ्यांपर्यंत मक्यात गेलो.

थांबलं. पाय उपसत नाही. जितकं हलावं तितकं —

पुन्हा. कमरेपर्यंत. थोडं ओढतो, थांबतो. घाई नाही त्याला.

वर कॅमेऱ्याचा लाल दिवा. बघतोय.

ओरडलो. ऑर्लिनचं नाव घेऊन ओरडलो, दुसरं कुणाचं घेणार —

छाती. श्वास सोडला की मका ती जागा घेतो. परत देत नाही.

शिडीवर बूट. झाकणात टोपी. म्हणाला घरी चैन पडेना. म्हणाला हलू नकोस, थांबलंय ते, दोर बांधून येतोच खाली —

थांबलंय. आत्ताच, तो डोकावल्यावर.

पण पंखा चालू आहे. खटका ओढला असता तर पंखाही —

त्या बघणाऱ्यानंच थांबवलंय. दुसरा आत येईपर्यंत.

आवाज फुटत नाही. म्हाताऱ्याचा पाय आत आला. फोनवर लिहून दाखवतो, मोठ्या अक्षरांत —

ऑर्लिनकाका उतरू नका वीज गेलेली नाही तो अजून ब