दारावरची पाटी

दादा,

वकील म्हणतात, मी कोर्टात एवढंच सांगायचं, की तुला पकडलं तेव्हा माझं पाळणाघर बंद होतं. मग तुझी शिक्षा निम्मी होईल. लहान मुलांच्या जागेजवळ नशेच्या गोळ्या विकल्या, तर कायदा दुप्पट शिक्षा देतो म्हणे. आई रोज हात जोडते, "पाटी तेवढी उतरव गं."

नाही उतरवणार. ती तूच रंगवलीस, तूच ठोकलीस आणि तिच्यासमोरच्याच टपरीत गोळ्या विकत बसलास. बहिणीच्या दाराशी कोण संशय घेणार, नाही का?

तुला पकडलं त्याच सकाळी तीन वर्षांची एक चिमुरडी मूठ उघडून म्हणाली, "मावशी, चॉकलेट सापडलं." मी गोळी हिसकावली.

टपरीपासून माझ्या दारापर्यंतचं अंतर मोजायला हवालदार एकटाच आला. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी मिळेना. आई म्हणाली, "तू आत जा." मी उंबऱ्यावर बसले आणि टोक घट्ट धरलं.

हे पत्र टाकणार नाही. कोर्टात तुझ्या तोंडावरच सांगेन.

तुझी धाकटी बहीण,
आणि बावीस पोरांची मावशी