सात जन्म आणि एक उन्हाळा

सिस्टर,

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्या सुनेच्या मैत्रिणींनी आमच्या अंगणातल्या झाडाची वटपौर्णिमा केली. पौर्णिमा बुधवारी होती, पण बुधवारी सगळ्यांची ऑफिसं. झाडही वडाचं नाही, ओकचं. इथे अमेरिकेत, प्लेनोत वड मिळत नाही म्हणून चालवून घेतलं. मार्चमध्ये लावलेलं, जेमतेम माझ्या उंचीचं, पानांच्या कडा आधीच करपलेल्या. त्याच्या मुळाशी माझ्या नवऱ्याची मूठभर रक्षा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी पुढे झाले तर एकजण म्हणाली, "काकू, तुम्ही आत एसीत बसा ना, ऊन किती आहे!" ऊन नव्हतं आड येत. विधवा आड येत होती.

खिडकीतून बघत राहिले. टाचांच्या चपला ओल्या मातीत रुतवत फेऱ्या, बोटभर जाड खोडाला नायलॉनचा दोरा करकचून, बुंध्याशी दूध, साखर, केळी. वर कुणीतरी खताच्या गोळ्या ओतल्या: "वीक वाटतंय यार, थोडा बूस्ट देऊ." मग फोटो, मग साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळपर्यंत दूध नासलं, आंबूस वास दारापर्यंत आला, केळ्यांवर माश्या घोंगावू लागल्या. मला शिसारी आली. सुनेला म्हटलं, "सात जन्म तोच नवरा हवा, आणि झाडाला एक उन्हाळा काढू देववत नाही?" "आई, प्लीज. श्रद्धा असते त्यांची."

मला तुमची कॉन्व्हेंट शाळेमागची बाग आठवते. पेरूचं रोप नुकतंच हलवून लावलं आहे आणि मी कौतुकाने त्याला शेणखत घालते आहे. तुम्ही माझा कान धरता, तुमच्या गोव्याकडच्या सुरात ओरडता, "तापातल्या माणसाला लाडू भरवतेस? जागा बदललेलं झाड आजारी असतं. त्याला पाहुणे नकोत, खाऊ नको. पाणी दे, सावकाश, खोलवर. आणि वाट बघ." शनिवारी संध्याकाळीच मी दोरा कात्रीने कापला, सालीवर वळ उठला होता. नासकं सगळं हातांनी खरवडून काढलं, खताच्या गोळ्या वेचल्या, पाइप थेंबथेंब सोडला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. पानं तरीही गळताहेत. मुलगा म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊस. नर्सरीची वॉरंटी आहे. रविवारी हे काढून नवीन आणू." मी विचारलं, "वॉरंटीत बाप बदलून मिळतो का?" तो फोन बघत आत गेला.

पानं गळली म्हणजे झाड मेलं असं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. सालीला नख लावायचं. खाली हिरवं दिसलं की जिवंत. तेव्हा हे झाड ठेवायचं की नाही, याचं लेखी उत्तर मला रविवार सकाळच्या आत हवं. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली ही सबब चालणार नाही; आमची कुठली सबब तुम्ही चालवून घेतलीत?

पत्र टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही. रोज सकाळी बोट सालीवर ठेवते. नख अजून लावलेलं नाही.