उजव्या मानेचा सोमा

॥ श्री भैरी प्रसन्न ॥

कुडपण, ता. पोलादपूर
नारळी पौर्णिमेनंतरचा शुक्रवार

चि. किशोरभावोजी यांना सारिकावहिनीकडून भरभरून आशीर्वाद. (वहिनी या नात्याने ते द्यावेच लागतात, तुमच्या वागण्यावर अवलंबून ठेवलेले नाहीत.) तुमची पाठ, अनुपमाच्या शिंका आणि मानसीचं गणित, तिन्हींत उतार पडला असेल अशी आशा करते, गणिताच्या बाबतीत चढ म्हणा हवं तर. इकडे नाचणीची लावणी उरकली, म्हैस गाभण आहे, तुमच्या दादांचा गुडघा नेहमीप्रमाणे पावसाळी रजेवर आहे, आणि घरातल्या सगळ्यांच्या माना सरळ आहेत, एक सोडून. त्या एकासाठीच हे पत्र. फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून शेजारचा विपुल मुंबईला निघालाय त्याच्या हाती कुळथाच्या पिठाबरोबर हे पाठवते आहे. पीठ आधी डब्यात काढून ठेवा, मग बसून वाचा.

तर तुमचा ससा. मे महिन्यात आलात तेव्हा हा पाहुणा पिंजऱ्यासकट आमच्या पडवीत ठेवलात आणि म्हणालात, शाळा सुरू होईपर्यंतच हो वहिनी. शाळा सुरू झाली, चाचणी परीक्षाही झाली असेल, पाहुणा आहे तिथेच आहे. मग हळूच कळलं की त्याच्या केसांमुळे अनुपमाला शिंका येतात. (आम्हाला शेणाने, धुराने आणि तुमच्या चुलत्यांनी काहीसुद्धा होत नाही. आमचं नाक सरकारी असावं.) मानसीनं त्याचं नाव मार्शमेलो ठेवलंय हे खरं, पण आमच्या वाडीत हे नाव कोणाच्या जिभेवर बसेना. सोमवारी आला म्हणून शेजारच्या बनुबाईनं त्याला सोमा म्हणायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो सोमाच. हाकेला ओ देत नाही, पण ओ तर या घरात कोणीच देत नाही.

आषाढात एका सकाळी पाहते तर सोमाची मान उजवीकडे पिळलेली. एक डोळा छपराकडे, एक डोळा जमिनीकडे. उठायला गेला की कोलांटी, पुन्हा उठला की पुन्हा कोलांटी. तुमच्या दादांना वाटलं पोरगं खेळतंय. त्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. बनुबाई म्हणाली, "दिष्ट लागलीय गो त्याला, दुसरं काय नाय," आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने सोमा शिंकला, एवढाच काय तो गुण आला. मग घाबरून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की वहिनी, कुठे त्रास करून घेता, डॉक्टरकडून कायमच्या झोपेची सुई देऊन टाका, मानसीला मी सांगतो की त्याला जंगलात मित्र मिळाले आणि तो पळाला. वा भावोजी! केवढी गोड गोष्ट! आमच्या रानात सशाला कोण मित्र मिळतात हे तुम्ही लहानपणी चांगलं पाहिलंय. त्यातलाच एक मागच्या महिन्यात बनुबाईचा कुत्रा उचलून घेऊन गेला.

तरी मोठ्या भावाचा संसार म्हणजे धाकट्याची आज्ञा पाळण्यासाठीच असतो, म्हणून मी सोमाला टोपलीत घालून निघाले. जीपने पोलादपूर, पुढे एस.टी.ने महाड. घाटाची वळणं तुम्हाला ठाऊक आहेत. जीप डावीकडे वळली की सोमा उजवीकडे लोळायचा, आणि मी टोपलीला पोटाशी घट्ट धरून बसलेली. शेजारी कोंडाजी आजोबा. टोपलीत काय हाय म्हणून विचारलंन, मी ससा म्हणाले, आणि मग पोलादपूर येईपर्यंत त्यांनी मला रस्सा शिकवला. वाटणात खोबरं भाजून घे, खसखस विसरू नको, पाणी बेताचं. शेवटी मी सांगितलं की आजोबा, याला डॉक्टरकडे नेते आहे. आजोबा म्हणाले, "माझा गुडघा वरीसभर धरलाय, मला कोण नेत नाय." उतरताना मीच त्यांना हात दिला.

महाडच्या जनावरांच्या डॉक्टरांपुढे एक बैल, एक म्हैस आणि तीन शेळ्या होत्या. आमचा नंबर आला तेव्हा सगळे पुढे सरकले, बैलसुद्धा. डॉक्टरांनी सोमाला दोन्ही हातांत अलगद धरलं, कानात बॅटरी मारली आणि सांगितलं की कानाच्या आत खोल दुखणं आहे, तोल तिथेच असतो, त्यामुळे याला सगळं जग फिरताना दिसतंय. मी सुईचं विचारायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं हो. पण त्या क्षणी त्यानं माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं (तोल जातो म्हणून आधाराला, प्रेमाबिमाने नव्हे, गैरसमज नको) आणि मी विचारलं, जगेल का? डॉक्टर म्हणाले, भरवाल तर जगेल. मान कदाचित वाकडीच राहील. पण खाणं थांबलं तर सशाचं पोटच बंद पडतं, मग औषधाचाही उपयोग नाही.

झालं! त्या दिवसापासून मी या घरात मोलकरीण, नर्स आणि आचारी अशी तीन पदं भूषवते आहे. तुमच्या लग्नात मानाचे मिळालेले टॉवेल, जे फारच चांगले म्हणून पेटीतून कधी निघाले नाहीत, त्यांच्या गुंडाळ्या करून सोमाच्या चहूबाजूंनी लावल्यात, म्हणजे लोळला तरी लागत नाही. कोवळं गवत, रताळ्याचा पाला आणि कोथिंबीर वाटायची, गाळायची, आणि पिचकारीने ओठाच्या कडेतून थेंब थेंब सोडायची. घाई केली की ठसका लागतो. जो डोळा जमिनीकडे असतो त्यात कचरा जातो, त्यात वेगळं औषध. वीज कधी असते हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून वाटण पाट्यावर. पहिल्याच दिवशी तुमच्या दादांनी ते सशाचं वाटण भाकरीला लावून खाल्लं आणि आज चटणी जरा सौम्य झालीय म्हणाले. मला ताप भरला होता तेव्हा लिंबू पिळून घे एवढा मोलाचा सल्ला देऊन शेतावर गेलेले हे गृहस्थ आता सशाच्या शेजारी घोंगडी टाकून झोपतात, आणि मला म्हणतात हळू चाल, तो दचकतो.

त्यात एका रविवारी मानसीचा व्हिडिओ कॉल. तुमची गोष्ट खोटी पडू नये म्हणून तिला आधी ससा बरा दाखवायचा आणि मग तो पळवायचा, अशी तुमची योजना. आमच्याकडे व्हिडिओपुरती रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून सोमाला घेऊन आम्ही तिथे. तुमच्या दादांनी काय शक्कल लढवावी? मोबाईलच तिरका धरला! ससा सरळ दिसला, पण मागची टाकी आडवी व्हायला आली. मानसीनं विचारलं, काका, टाकी पडतेय का? दादा म्हणाले, होय बाळा, पावसाने जरा कललीय. ते तुम्ही ऐकलंत आणि आपल्या गावाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलंत. मंडळाच्या कार्यवाहांनी सरपंचांना झापलं. दुसऱ्या दिवशी सरपंच भर पावसात गवंडी आणि ओळंबा घेऊन हजर. चारी बाजूंनी मोजलं, टाकी सरळ. गवंडी म्हणाला, "टाकी बरी हाय, मंडळाचीच काय ती तपासा." आम्ही दोघं छत्रीखाली तोंड लपवून उभे होतो.

एवढं करूनही श्रावण लागला तसा सोमा थकला. पिचकारीतलंही बाहेर टाकायला लागला. नेमका तेव्हाच तुमचा फोन, काम झालं का? तुमच्या दादांना धाकट्या भावाला नाही म्हणवत नाही आणि सुई देववत नाही. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा मार्ग काढला: देवाला विचारू. मुंबईत विसरला असाल म्हणून सांगते. मोरू गुरव जास्वंदीच्या दोन कळ्या भिजवून भैरीच्या दोन खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमच्या दादांनी याच पद्धतीने विहीर खणली, म्हैस घेतली आणि (सासूबाई सांगायच्या) मलाही केली. ज्याचा निवाडा तो हजर हवा, म्हणून सोमाची टोपली देवाच्या पायाशी. निम्मी वाडी जमली. मोरूनं डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, बा भैरी, ह्या मुक्या जिवाला सोडवायचा असंल तर उजवी दे, ठेवायचा असंल तर डावी दे. मला हा ससा हवा होता, भावोजी. स्पष्ट सांगते, तोंडाने कितीही शिव्या घातल्या तरी मला तो हवा होता.

कळी पडली. चौथऱ्यावर आपटली आणि थेट टोपलीत. कुठली पडली हे बघायला तुमचे दादा लगबगीने वाकले, गुडघा सटकला, आधारासाठी हात गेला तो देवाच्या खांद्यावर, आणि दुसरीही कळी खाली, तीही टोपलीत! सगळे टोपलीवर ओणवे झाले तर आत सोमा. वाकड्या मानेने, मिशा हलवत, देवाचा कौल खात बसलेला. एक संपवली, दुसरी संपवली, देठसुद्धा ठेवला नाही. कित्येक दिवसांत स्वतःच्या तोंडाने त्यानं खाल्लेला तो पहिला घास होता. मी तिथेच देवासमोर रडले, चांगली हुंदके देऊन. बनुबाई म्हणे डावी आधी पडली, कोंडाजी आजोबा म्हणे उजवी, वादावादी जुंपली. शेवटी मोरू गुरव म्हणाला, "कौल जनावराच्या पोटात गेलाय. आता काय पोट फाडून इचारणार? ऱ्हाऊ दे त्याला." आणि त्यानं देवळातली उरलेली जास्वंद माझ्या ओटीत घातली.

तेव्हापासून सोमा जास्वंदीवर आणि आम्ही उपकारावर जगतो आहोत. देवाचा शब्द पोटात असलेला ससा म्हणून लोक दर्शनाला येतात. त्यातून मान उजवीकडे, म्हणजे काहीही विचारा, उत्तर होकार! बनुबाईनं विचारलं, यंदा सुनेला मुलगा होईल काय? होकार. सुनेनं गुपचूप विचारलं, मुंबईला वेगळं राहू काय? होकार. दोघी खूश आहेत, अजून एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मला चहा करून करून कमरेचा काटा ढिला झालाय. हल्ली तो धडपडत का होईना चार पावलं सरळ जातो, त्यामुळे भक्तमंडळी काळजीत आहेत.

तात्पर्य, मी या सशाला विटले आहे. गणपतीला याल तेव्हा पिंजरा, टॉवेल आणि भक्तांसकट तुमची अमानत घेऊन जा. अनुपमाला आशीर्वाद, मानसीला गोड पापा. तुमच्या दादांनी काही लिहायचंय का विचारलं, तर म्हणाले, सोमा झोपलाय, पेन वाजवू नको.

आपली विटलेली,
सारिकावहिनी

ता. क. : नेण्याचं वर लिहिलं ते रागाने. तुमच्या त्या सोसायटीत त्याला जास्वंद कोण देणार? नेऊ नका. उलट येताना कानाचं औषध आणा, चिठ्ठी पिठाच्या पिशवीत आहे. महाडला संपलंय.

ता. क. २ : आधी पडलेली कळी उजवी होती. मी पाहिली. मोरू गुरवानेही पाहिली. आम्ही दोघं अजून एकमेकांच्या नजरेला नजर देत नाही. हे तुमच्या दादांना कळता कामा नये, नाहीतर ते भैरीची माफी मागायला मलाच पुढे करतील.

ता. क. ३ : खरं म्हणजे हे लिहायला बसले ते याच्यासाठी. परवा मानसीनं अनुपमाच्या मोबाईलवरून मला फोन केला आणि विचारलं, काकी, खालच्या डोळ्यात औषध घालतेस ना? मी चाटच पडले. तुम्ही गॅलरीत उभं राहून मला सुई द्यायला सांगत होतात तेव्हा पोर दाराआड होती. तिनं सगळं ऐकलंय, आणि मान वाकडी झाली की खालचा डोळा जपावा लागतो हे मोबाईलवर शोधून वाचलंय. तेव्हापासून रोज शाळेतून आली की वाट बघते, आज पप्पा ससा पळाल्याचं सांगतील का. सांगितलं की रडायचं नाही, खरं वाटल्यासारखं करायचं, असं तिनं ठरवून ठेवलंय. तिला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मला भैरीची शपथ घातलीन. ती शपथ मी मोडते आहे, पाप लागलं तर मला लागू दे. वाचून झालं असेल तर पोरीला जवळ घ्या.