पदराची जोडणी

तर पुन्हा तेच म्हणतो आप्पा, दुसरीतनं मला काढायला नको होतं. मास्तर दारात आलते, पोरगं हुशार आहे म्हणाले, आणि तुम्ही हातमागावरनं मान वर न करता म्हणालात, "हुशार हाय म्हणूनच मागावर पायजे. ठोंब्या असता तर तुमच्याकडंच ठेवला असता." मास्तर हसत गेले. मी न्हाय हसलो. शहापुरात मागासाठी कांड्यांवर सूत भरत राहिलो, आणि ज्या सकाळी तुम्ही हाक मारलीत, "ये रं, आज पदर जोडायला शिकवतो," त्याच सकाळी निपाणीच्या तंबाखूच्या गाडीवर बसून निघून गेलो. तुम्ही गेल्याचं इथं रंगूनला कळलं, तेव्हा तेराव्यालाही महिना होऊन गेलता.

इथं आपल्या मराठी माणसांनी चालवलेली एक संस्था आहे. मुलूख सोडून आलेल्या विद्वानांना खोली, पुस्तकं आणि महिन्याचं वेतन देते. एकजण किडे बघतो, एकजण जुनी नाणी. मी सकाळी तिथं झाडतो, चहा देतो, मग गोदीत ओझी उचलतो. पाठ आता ऐकत नाही. गेल्या महिन्यात विणकामावर ग्रंथ लिहिणारे एक पंडित आले. मी शहापूरचा कळल्यावर झाडू ठेवायला लावला आणि खुर्चीवर बसवलं. आप्पा, खुर्चीवर. ताणा कसा मोजता, विचारलं. म्हटलं, आमचे आप्पा मोजायचे कानडीत आणि शिव्या द्यायचे मराठीत. तेही त्यांनी लिहून घेतलं. आठ दिवस मी बोलतोय, ते लिहितायत. शेवटी विचारतात, पदराचं रेशीम अंगाच्या सुताला जोडता कसं? मी म्हटलं, गाठी मारून. दुसरं काय सांगणार? विद्वानांच्या वहीत माझी सही घेऊन त्यांनी मला एक महिन्याचं वेतन देववलं.

गाठी न्हवत्या, एवढं मला ठाऊक होतं. "बोटाला गाठ लागली तर ती जोडणी न्हवं," असं तुम्हीच ओरडायचा. चार दिवस ते गिळून फिरलो. काल पेटीतनं आक्काचं जुनं पत्र काढलं, शेजाऱ्याकडनं लिहवून घेतलेलं. "आप्पांची अर्धी राहिलेली साडी मी पुरी करून पदरासकट मागावरनं उतरवली." तेव्हा नुसतं वाचून घडी घातलती. ती तुमच्या पाठीशी बसून धागे द्यायची. तिला "ये गं, शिकवतो" अशी हाक तुम्ही कधी मारली न्हाय, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं न्हाय.

आज पंडितांना सांगितलं, ते खोटं होतं. त्यांनी ओळ खोडली, चष्मा पुसला. "मग येतं कुणाला?" म्हटलं, माझ्या बहिणीला. "मग त्यांच्याकडून लिहवून मागवा." पैसे परत करायला गेलो, तर घेतले नाहीत.

हे पत्र धाडायचं कुठं? पेटीतच ठेवतो. शाळेचा राग होता आप्पा, खोटं न्हाय. पण त्या सकाळी मी पळालो ते पदर आपल्याला जमायचा न्हाय ह्या भीतीनं. वेतन जिचं, तिला धाडतोय. सगळे पंधरा रुपये.