डावा खांदा अर्धा इंच खाली

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही म्हणून भावजींजवळ माझा उद्धार करून झाला असेल. झाला असेल तर बरंच झालं. इथे मान वर करायला फुरसत नाही. त्या मोठ्या हॉटेलच्या नोकरांचे सहाशे कोट गेल्या आठवड्यात पोचवले. दारवान, लिफ्टवाले, वाढपी, सगळ्यांच्या अंगावर आता आपला कोट आहे. मालक इतके खूश आहेत की बाकीच्या अकरा हॉटेलांचं कामही देतो म्हणतात. बाबांचं दोन मशीनचं दुकान मी कुठून कुठे नेलं, हे बघायला बाबा हवे होते गं.

जो तो विचारतो, तुमच्या कोटात असं आहे तरी काय. मी नुसती हसते. आहे तो आपल्या कटिंगमास्तरांचा कागद. त्यांनी स्वतःच्या अंगावर बेतलेला तो खाकी कागद आजही माझ्या खोलीत खुंटीवर आहे, आणि कुठलंही माप आलं तरी आमचे कटर त्यावरूनच वाढवतात नाहीतर घटवतात. मास्तरांचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. तेवढा उतार तसाच ठेवला की कोट अंगावर असा काही पडतो की बघत राहावं. दोन कटरनी त्या कागदाची हुबेहूब नक्कल काढून पाहिली, पण त्या नकलेवरून शिवलेला कोट पोत्यासारखा दिसतो. का, ते देव जाणे.

आता तुझ्या लाडक्या विषयाकडे वळते. हो, बँकवाले अजून विचारताहेत, आणि हो, कापडवालाही अजून विचारतोय. बँकवाले विधुर आहेत, शांत आहेत, वेळेवर येतात. कापडवाला कधीच वेळेवर येत नाही, पण आला की पोट धरून हसायला लावतो. मी दोघांनाही 'हंगाम संपू दे' म्हणून ठेवलं आहे.

पण एक विचित्र गोष्ट झाली. बँकवाल्यांचा पहिला कोट मी दोन वर्षांपूर्वी केला, तेव्हा दोन्ही खांदे सारखे होते, वहीत माझ्याच हातचं माप आहे. परवा नव्या कोटासाठी टेप लावला, तर डावा खांदा अर्धा इंच खाली. तीनदा मोजलं. मी टेप गुंडाळत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या बाहीवरचा सुटा धागा धरला, वाकले आणि दातांनी तोडला. कात्री टेबलावरच होती. ही सवय कोणाची होती, ते तुला सांगायला नको.

तुमच्याकडे फोन शेजारच्या दवाखान्यात, म्हणजे हे सगळं तिथल्या रांगेला ऐकवायचं. म्हणून लिहिते. भावजींना नमस्कार सांग, आणि माझ्यावरचा राग एका पत्रापुरताच ठेव.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उद्धार झाला, एकदा नाही, दोनदा झाला. ह्यांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र खाली न ठेवता मान डोलावली.

अगं वेडे, कापडी टेप ओढून ओढून वाढतो. बाबा दर वर्षी नवा टेप आणायचे, आठवतंय का? तू मास्तरांचाच जुना टेप कवटाळून बसली असशील. तो इकडे पाठवून दे. ह्यांचा जन्म दुकानदारांचे तराजू आणि गज तपासण्यात गेला. 'मापात पाप' हे ह्यांचं आवडतं वाक्य, आणि एकुलता एक विनोदही. सरकारी पोलादी पट्टी लावून लगेच सांगतील.

दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहेस, त्यात एक दगड बँकेचा आणि एक कापडाचा. पडशील तेव्हा निदान गाठोड्यावर पड. चेष्टा सोड, पण कोणाला तरी एकाला नीट उत्तर दे. माणसं म्हणजे काही खुंटीवर टांगायचे कपडे नव्हेत.

एक विचारते, रागावू नकोस. कुणी गिऱ्हाईक वारलं की बाबा त्याच्या कागदाचा गळा कात्रीने मोकळा करायचे. माणूस गेला, आता त्याचं माप कशाला अडकवून ठेवायचं, म्हणायचे. मास्तरांना जाऊन दीड वर्ष झालं. तू त्यांचा कागद मोकळा केलास, असं मी धरून चालले होते. तुझं पत्र वाचून माझ्या हातातला चहा निवला. नक्कल पोत्यासारखी का होते, ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. आधी त्या कागदाचा गळा काप.

जेवणखाण वेळेवर कर. आहेस तशीच माझी राहा.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेप या पार्सलात आहे. भावजींना फुकट राबवायला नको म्हणून सोबत एक कोटही पाठवते. तुमच्या लग्नातलं त्यांचं माप वहीत होतं, पोटाला दोन इंच माझ्या मनाने वाढवले आहेत. रागावू नका म्हणावं.

कागद मी कापलेला नाही. तुझ्याशी खोटं बोलून काय करू? तो कापला तर अकरा हॉटेलांना काय दाखवू, पोती? चाळीस जणी माझ्याकडे शिवायला बसतात. बाबांची रीत दोन मशीनच्या दुकानाला परवडत होती.

पण ताई, आता कापडवालाही तसाच झालाय. त्याला मी आपला कोट हॉटेलच्या नव्या दिवाणखान्याच्या उद्घाटनाला हौसेने घातला होता. परवा तो वेळेवर आला. वेळेवर, आणि तो! एकही विनोद केला नाही. खिडकीपाशी उभा राहिला आणि दोन बोटांनी डाव्या बाहीची कड खाली ओढली, मास्तर बोलण्याआधी ओढायचे तशी.

आणि काल बँकवाले आले. मी हिशोबाची वही मिटत होते. त्यांनी तशीच बाही ओढली आणि अगदी हळू विचारलं, "संपला का हंगाम?" मी त्यांनाही हंगाम संपू दे म्हटलंय, हे खरं. पण आवाज त्यांचा नव्हता.

भावजींचा निकाल लवकर कळव. टेपच वाढला असेल, अशी मी आस धरून बसले आहे.

तुझीच धाकटी

२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

टेप केसभरही वाढलेला नाही. ह्यांनी तीन ठिकाणी पट्टी लावली, मग भिंगातून पाहिलं, आणि असा खरा टेप आपण नोकरीत पाहिला नाही म्हणाले. मापात पाप नाही, हेही म्हणालेच. कोट मात्र घालायला तयार नाहीत. आपण काय हॉटेलचे दारवान आहोत का, विचारतात. सध्या खुंटीवर आहे.

'संपला का हंगाम' हे कोणाचं वाक्य, ते तू लिहिलं नाहीस. मी अकरा वर्षं विचारलं नाही, आजही विचारणार नव्हते. मास्तर बाबांच्या दुकानात होते, मला कटिंग त्यांनी शिकवलं, आणि पुढे काय व्हायचं ते घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तू शहरात धंदा काढलास, आणि चार वर्षांसाठी त्यांना ने म्हणून मीच म्हटलं. चारांची सहा झाली. मग मी लग्न केलं. मला राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगते.

पण गेलेल्या माणसाला तू सहाशे अंगांवर बेतलंस. हे एक दिवस कोणाच्या तरी जिवावर बेतेल. कागदाचा गळा काप आणि मला कळव.

तुझ्या भल्याचंच चिंतणारी,
ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग तोंड धुऊन हॉटेलात गेले. मालकांशी कराराचं बोलायचं होतं. भर दुपार होती, दिवाणखाना उन्हाने भरलेला. दारवानाने दार उघडलं आणि बाही ओढली. माझं लक्ष गेलं नाही. मग लिफ्टवाल्याने ओढली. मी मध्यावर उभी राहिले, आणि तिथले तीसचाळीस पुरुष, कोणी तबक घेतलेले, कोणी बॅगा उचललेले, एकदम थांबले आणि माझ्याकडे वळले. सगळ्यांचे डावे खांदे उतरलेले. उत्तराची वाट बघतात तसे नुसते बघत होते. मालक पाठीमागून आले आणि म्हणाले, बघा, कशी शिस्त आली आहे पोरांना!

आता तुझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. पहिल्या चार वर्षांत आमच्यात काही नव्हतं, ते तुझीच वाट बघत होते. परत जातो म्हणायचे, आणि मी म्हणायचे, हा हंगाम संपू दे. तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा दोन दिवस त्यांनी कात्री धरली नाही. पुढे केव्हातरी मला म्हणाले, आता आपणच लग्न करू. मी तेव्हाही हंगाम संपू दे म्हटलं. माझा हंगाम संपत नाही गं, मी संपू देत नाही. ते कटिंगच्या टेबलावर वाकले ते उठलेच नाहीत, त्या दिवशी सकाळीही त्यांनी तेच विचारलं होतं.

आता मी कोणाशी लग्न करू? कोणाशीही केलं तरी त्यांच्याशीच होणार.

चौदा तारखेला, शनिवारी, अकरा हॉटेलांच्या करारावर सही आहे. त्या दिवशी सकाळीच मी कागदाचा गळा कापणार. मग करार राहो की जाओ. मला धीर दे.

तुझी धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं. दोन दिवस लिहू की नको करत होते.

कागद कापू नकोस.

ह्यांनी कोट घातला. मध्येच गारठा पडला म्हणून एक दिवस ऑफिसला घालून गेले, मग रोजच घालू लागले. आठवड्यात वर्तमानपत्र सुटलं. संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि मी काय करते ते बघतात. नऊ वर्षांत ह्यांनी माझे हात कधी पाहिले नव्हते. परवा मी साडीची कड दुमडत होते. हे पाठीमागे येऊन उभे राहिले, बाही ओढली आणि म्हणाले, "धावदोरा, जरा हळू."

हा शब्द तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मी बोलते भरभर आणि टाके घालतेही भरभर, म्हणून दुकानात कोणी नसलं की मास्तर मला धावदोरा म्हणायचे. मी तो बाबांना सांगितला नव्हता, तुला सांगितला नव्हता, ह्यांना तर नाहीच नाही.

माझी सुई बोटात घुसली. त्यांनी बोट धरलं आणि रक्त थांबेपर्यंत धरून ठेवलं. हे कुठे गेले असतील, असा विचार येतो. मी तो करत नाही. तुला उपदेश करणारी मीच, मला ठाऊक आहे. पण तू त्यांना तेरा वर्षं वापरलंस, मला थोडे दिवस तरी दे. मापात पाप असेल तर ते माझ्या पदरात घाल. दवाखान्यातल्या फोनवर हे बोलता येणार नाही, म्हणून पत्र लगेच टाकते आहे. शनिवारच्या आत पोचू दे.

तुझी ताई

१४ मार्च, रात्री

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज संध्याकाळी आलं. मी सकाळी दहा वाजता कागद कापला.

कात्री मास्तरांचीच घेतली. गळा मोकळा झाला तसा कागद आपोआप खुंटीवरून खाली आला आणि गुंडाळला गेला, इतकंच. अकरा वाजता बँकवाले आले. खांदे सरळ होते. कोटात आपण अवघडल्यासारखे का होतो, म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं, नीट समोर बसून. कापडवाला दीड तास उशिरा आला, त्याने तुझ्या त्या गाठोड्यासारखाच विनोद केला, आणि मी हसता हसता रडले. त्यालाही अजून हो म्हटलेलं नाही, पण हंगामाचं नाव काढलं नाही. मालकांना सांगितलं, तो खांदा आता येणार नाही. त्यांनी अकरांपैकी दोनच हॉटेलं दिली. चाळीस जणींना तेवढं पुरेल.

ताई, मला माफ कर. आधी पत्र आलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. भावजी कसे आहेत? दोन ओळी तरी लिही. माझ्यावर लोभ उरला असेल तर तेवढा तरी कळव.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रडू नकोस. मी आधी सांगितलं होतं, तेच तू केलंस.

हे बरे आहेत. शनिवारी सकाळी दहाला माझ्यासमोर बसले होते, एकदम ताठ झाले आणि वर्तमानपत्र कुठे आहे विचारलं. तेव्हापासून वाचताहेत. कोट खांद्याला टोचतो म्हणून काढून ठेवला आहे. मी नऊ वर्षं ह्यांच्याबरोबर सुखाने राहिले, तशीच राहीन, असं दोन दिवस मनाला समजावत होते.

तुझ्या कटरची नक्कल पोत्यासारखी का होते, ते आता सांगायला हरकत नाही. मास्तर म्हणायचे, कागदावरून कागद काढला तर नुसतं माप येतं. माणूस हवा असेल तर अंगावर वापरलेला कोट उसवायचा आणि त्यावरून कागद काढायचा. हे त्यांनी फक्त मला शिकवलं होतं.

काल दुपारभर मी कोट उसवला. अस्तर फाटलंय, असं ह्यांना सांगितलं. खाकी कागद ह्यांनीच ऑफिसातून आणून दिला. आत्ता टेबलाशी माझ्याबरोबर वाकून उभे आहेत, आणि डाव्या खांद्याचा अर्धा इंच मोजायला आपली पोलादी पट्टी धरून आहेत. केसाचाही फरक पडता कामा नये, म्हणतात.

तुझी माया राहू दे.

तुझी ताई